ऑरलँडोची सहल: तिकिटं ब्रिटनमधूनच घ्या, टिपचा हिशोब आधीच धरा

पहिल्याच रात्रीची गोष्ट. नऊ-साडेनऊ तासांचं विमान, इमिग्रेशनची रांग, भाड्याची गाडी, ती उजव्या बाजूनं चालवायची कसरत, आणि मग इंटरनॅशनल ड्राइव्हवरच्या एका रेस्टॉरंटात आम्ही सहा जणं जेवायला बसलो. मी, नवरा, दोन मुलं आणि सांगलीहून आलेले आई-बाबा. अमेरिकेत वीस टक्के टिप द्यायची असते हे मी इंग्लंडमधल्या आमच्या स्लाउहूनच पाठ करून गेले होते. बिल आल्यावर खालच्या रकान्यात वीस टक्क्यांचा आकडा ऐटीत लिहिला आणि सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबांनी ती पावती हातात घेतली. आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस, कागद दिसला की वाचणारच. म्हणाले, "अगं, यात अठरा टक्के आधीच लावलेत की!" सहा माणसं होती म्हणून टिप बिलातच धरली होती, त्यावर मी माझे वीस चढवले. एकूण अडतीस टक्के. वेटर आम्हाला दारापर्यंत सोडायला का आला, ते तेव्हा कळलं.

हा लेख त्या अडतीस टक्क्यांची वसुली समजा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच फ्लोरिडाला निघालेल्या मंडळींसाठी लिहितेय. भारतातून थेट जाणाऱ्यांना डिस्नीच्या तिकिटांचा भाग तसाच्या तसा लागू होणार नाही, टिपचा मात्र होईल.

१. तिकिटांच्या आधी पासपोर्ट बघा

घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडा. ब्रिटिश आणि भारतीय दोन्ही आता निळेच, म्हणून उघडून बघा.

ब्रिटिश पासपोर्ट असेल तर व्हिसा लागत नाही, 'एस्टा' नावाची ऑनलाइन परवानगी लागते. ३० सप्टेंबर २०२५पासून तिची फी माणशी ४० डॉलर झाली, आधी २१ होती. तान्ह्या बाळालाही वेगळी काढावी लागते. एकदा मिळाली की दोन वर्षं चालते, पण पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर एस्टाही त्याच्याबरोबर संपते. इंटरनेटवर शोधलंत की सगळ्यात वर मध्यस्थांच्या जाहिराती दिसतात. तेच काम करून ते वर स्वतःचे पैसे लावतात. खऱ्या सरकारी साइटचा पत्ता 'डॉट जीओव्ही'नं संपतो, तेवढं पाहूनच कार्ड बाहेर काढा. प्रवासाच्या निदान ७२ तास आधी अर्ज करा असं सांगतात. मी म्हणेन, विमानाची तिकिटं काढायच्या आधीच करा.

भारतीय पासपोर्ट असेल तर आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी) असो, ब्रिटनचा वर्क व्हिसा असो की ब्रिटनचा टूरिस्ट व्हिसा असो, अमेरिकेसाठी त्याचा काही उपयोग नाही. बी-१/बी-२, म्हणजे फिरायला जाणाऱ्यांचा व्हिसा लागतो आणि त्याची अर्जाची फी १८५ डॉलर आहे. इथं राहणाऱ्यांची मुलाखत लंडनला, नाइन एल्म्सच्या वकिलातीत होते. महाराष्ट्रातून येणाऱ्या आई-वडिलांनी तो मुंबईतूनच काढून यावा. "इथं आल्यावर बघू" असं म्हणून चालत नाही. आमच्या आई-बाबांकडे होता, कारण भाऊ न्यू जर्सीत असतो. नसता तर त्यांना घरी ठेवून जाण्याची वेळ आली असती.

आणखी एक खाच. १२ जानेवारी २०२१नंतर तुम्ही क्युबाला सुटीला जाऊन आला असाल, तर ब्रिटिश पासपोर्टवरही एस्टा मिळत नाही, रीतसर व्हिसाच काढावा लागतो. इथून क्युबाची स्वस्त पॅकेजं बरीच विकली जातात, म्हणून मुद्दाम सांगतेय.

२. आधी दिवस मोजा, मग पार्क

ऑरलँडोला गेलेला प्रत्येक जण "सगळं बघू" या एका वाक्यात फसतो. नुसतं वॉल्ट डिस्नी वर्ल्ड सुमारे ४० चौरस मैलांवर पसरलंय. त्यात चार मोठे पार्क आहेत: १९७१ साली उघडलेलं मॅजिक किंगडम, १९८२चं एपकॉट, १९८९चं हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८चं अ‍ॅनिमल किंगडम. शिवाय दोन वॉटर पार्क. युनिव्हर्सलचे आता तीन मोठे पार्क झालेत. युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर एकमेकांना लागून आहेत. २२ मे २०२५ला उघडलेलं एपिक युनिव्हर्स मात्र काही मैल दक्षिणेला, वेगळ्या जागी आहे. त्यांचं वॉटर पार्क म्हणजे व्होल्केनो बे. याखेरीज सीवर्ल्ड, टँपाकडचं बुश गार्डन्स, आणि गाडीनं साधारण तासाभरावरचं केनेडी स्पेस सेंटर.

दोन आठवड्यांची सुटी असेल तर नऊ-दहा पार्कदिवस पुरे. उरलेले दिवस पोहायला, झोपायला आणि पाय चेपायला ठेवा. माझं ऐकाल तर पहिला पूर्ण दिवस पार्कचा ठेवू नका. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पाच तास मागे आहे. मुलं पहाटे चारला टक्क जागी होतात आणि संध्याकाळी सहाला ताटावर डोकं टेकतात.

आठवड्याभराचीच सुटी असेल तर डिस्नी किंवा युनिव्हर्सल, एकच निवडा. मुलं आठ-नऊच्या आतली असतील तर डिस्नी. त्यावरची असतील तर ती स्वतःच युनिव्हर्सल म्हणतील.

३. डिस्नीचं तिकीट: ब्रिटनवाल्यांचं वेगळं असतं

अमेरिकेत डिस्नीचं तिकीट तारखेप्रमाणे बदलतं. एका दिवसाचं तिकीट मोसमानुसार साधारण सव्वाशे ते दोनशे डॉलरपर्यंत जातं. जितके दिवस जास्त, तितका दर दिवसाचा भाव उतरतो, पण नेहमीचं तिकीट दहा दिवसांपर्यंतच मिळतं. एका दिवसात दोन पार्क करायचे असतील तर त्याचे पैसे वेगळे.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी डिस्नी निराळी तिकिटं विकतं, सात आणि चौदा दिवसांची. त्यात चारही पार्क, एकातून दुसऱ्यात जायची मुभा, वॉटर पार्क आणि तिथल्या फोटोग्राफरनं काढलेले फोटो असं सगळं एकत्र येतं. ती तिथं गेटवर मिळत नाहीत, निघण्यापूर्वी इथूनच घ्यावी लागतात. कधीकधी चौदा दिवसांचं तिकीट सातच्याच किमतीत देतात. अशी ऑफर नसेल तेव्हाही दोघांतला फरक बघा. तुम्ही सहाच दिवस जाणार असलात तरी चौदाचं घेऊन मधले दिवस मोकळे सोडणं जास्त सुखाचं पडतं. सकाळी दोन तास जा, दुपारी परत येऊन झोपा, संध्याकाळी आतषबाजीला पुन्हा जा. तिकीट वसूल करायच्या नादात माणसं रणरणत्या उन्हात मुलांना फरफटत नेताना पाहिली आहेत. त्यांतली एक मी होते.

विकत घेताना तीन गोष्टी बघा.

वय: तीन वर्षांखाली फुकट, तीन ते नऊ मुलांचं तिकीट, दहा पूर्ण झाली की मोठ्यांचं. तुम्ही पार्कात जाल त्या दिवशीचं वय धरतात, तिकीट घेतल्या दिवशीचं नाही.

विक्रेता: डिस्नीकडून थेट घ्या किंवा 'आब्टा'चा, म्हणजे ब्रिटनमधल्या प्रवासकंपन्यांच्या संघटनेचा, सभासद असलेल्या इथल्या विक्रेत्याकडून. दोघांच्या किमती ताडून बघा, कधी हा स्वस्त पडतो कधी तो. डेबिट कार्डानं देऊ नका, क्रेडिट कार्ड वापरा. शंभर पौंडांवरच्या खरेदीत विक्रेता बुडाला, तर १९७४च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५खाली कार्ड कंपनीही जबाबदार राहते.

जोडणी: तिकिटाचा नंबर हातात पडल्या दिवशीच 'माय डिस्नी एक्सपीरियन्स' अ‍ॅपमध्ये घाला आणि घरातल्या सगळ्यांची नावं एकाच खात्यात जोडा. हे काम विमानतळावर करायला ठेवलंत तर पासवर्ड आठवत नाही आणि फोनचं रोमिंग चालत नाही, दोन्ही एकदमच होतं.

तारखेच्या तिकिटांना आधी पार्क आरक्षण लागायचं, ते जानेवारी २०२४पासून गेलं. जुन्या लेखांत अजून वाचाल, घाबरू नका.

४. रांग चुकवायचे पैसे वेगळे

तिकिटानं फक्त आत जाता येतं. लोकप्रिय राइडला दीड-दोन तास उभं राहायचं नसेल तर डिस्नीत 'लायटनिंग लेन' विकत घ्यावी लागते. मल्टी पास घेतलात की दिवसातल्या काही राइडच्या वेळा आधी राखून ठेवता येतात. अगदी गाजलेल्या एक-दोन राइडना सिंगल पास वेगळा घ्यावा लागतो. डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधीपासून आरक्षण मिळतं, बाकीच्यांना तीन दिवस आधी.

हे आरक्षण तिथल्या सकाळी सातला उघडतं. म्हणजे ब्रिटनमध्ये दुपारचे बारा. निघण्याआधीच पहिल्या पार्कदिवसाचं आरक्षण उघडत असेल, तर ऑफिसात जेवणाच्या सुटीत फोन घेऊन बसा. मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर दोन देशांची घड्याळं वेगवेगळ्या दिवशी बदलतात. त्या थोड्या काळात फरक चार तासांचा होतो. हाफ टर्मच्या शाळासुटीत जाणाऱ्यांनी हे लिहून ठेवा.

दररोज घ्यायची गरज नाही. मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओजला घ्या, अ‍ॅनिमल किंगडमला पहाटे गेलात तर पैसे वाचतात. लहान मूल उंचीत बसत नसेल तर 'रायडर स्विच' मागा: एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. हे फुकट आहे आणि फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसतं.

ऑगस्टपासून पुढे एक सापळा असतो. मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनची, आणि नंतर ख्रिसमसची, वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या रात्री साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर काढतात आणि आतषबाजी हुकते. अ‍ॅपमध्ये त्या दिवसाची बंद व्हायची वेळ बघून मगच जा. उलट, आतषबाजी नको असेल तर पार्टीचा दिवसच चांगला. दुपारपर्यंत गर्दी कमी असते.

५. युनिव्हर्सल: आगगाडीचं तिकीट कुठंय?

इथं मी स्वतःच्या हातानं चूक केली. एका दिवसात एकच पार्क असं स्वस्त तिकीट घेतलं, शंभरेक पौंड वाचवले म्हणून नवऱ्याला फोन करून सांगितलंसुद्धा. माझी मुलगी हॅरी पॉटरच्या वेडातली. हॉगवर्ट्स एक्सप्रेस ही गाडी युनिव्हर्सल स्टुडिओजमधून सुटते आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरमध्ये पोचते. गाडी एका पार्कातून दुसऱ्यात जाते, म्हणून दोन्ही पार्कांचं 'पार्क टू पार्क' तिकीट असल्याशिवाय चढताच येत नाही. हे मला स्टेशनच्या दारात कळलं. मुलगी झगा घालून, छडी हातात घेऊन उभी. तिकीट वाढवून घ्यायला जितके पैसे पडले, त्यात वाचवलेले शंभर गेलेच, वर मुलीचे डोळे पुसायला आइस्क्रीमही घ्यावं लागलं.

तेव्हा हॅरी पॉटर ज्यांच्या घरात आहे त्यांनी डोळे मिटून पार्क टू पार्क घ्यावं. युनिव्हर्सलही ब्रिटनच्या बाजारासाठी बऱ्याच दिवसांची तिकिटं काढतं. घेताना एपिक युनिव्हर्स त्यात आहे का आणि किती दिवस, हे वाक्य शोधून वाचा.

रांग चुकवायचा 'एक्सप्रेस पास' इथं गर्दीच्या दिवसांत तिकिटापेक्षा महाग पडतो. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत उतरणाऱ्यांना तो जुन्या दोन पार्कांसाठी खोलीच्या भाड्यात मिळतो, एपिकला चालत नाही. चार जणांचं कुटुंब असेल तर तिथं एक रात्र राहून दोन दिवस पास वापरणं कधीकधी वेगळा पास घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. कागद-पेन घेऊन बसा.

६. रस्त्याकडेच्या स्वस्त तिकिटांना हात लावू नका

ऑरलँडोशेजारच्या किसिमीच्या हमरस्त्यावर आणि इंटरनॅशनल ड्राइव्हवर "अर्ध्या किमतीत तिकिटं" अशा पाट्यांची दुकानं दिसतील. दोन प्रकार असतात. काही ठिकाणी तिकीट खरं असतं, पण त्याच्या बदल्यात तुम्हाला टाइमशेअरच्या (सुटीच्या घरातले वर्षातले ठरावीक दिवस विकत घ्यायच्या योजनेच्या) सादरीकरणाला बसवतात. दोन तास सांगून अर्धा दिवस जातो आणि 'नाही' म्हणून म्हणून घसा सुकतो. दुसरा प्रकार म्हणजे कुणीतरी अर्धवट वापरलेली बऱ्याच दिवसांची तिकिटं. डिस्नीच्या गेटवर बोटाचा ठसा तिकिटाशी जुळवतात, त्यामुळे दुसऱ्याचं तिकीट तुम्हाला चालणार नाही. शिवाय असं उरलेलं तिकीट विकणं हा फ्लोरिडाच्या कायद्यानं गुन्हा आहे.

७. पाटीवरचा आकडा खरा नसतो

ब्रिटनमध्ये दुकानातल्या किमतीत व्हॅट धरलेला असतो. अमेरिकेत विक्रीकर काउंटरवर वर चढतो. ऑरलँडो ज्या ऑरेंज काउंटीत आहे तिथं ६.५ टक्के, किसिमीच्या ऑसियोला काउंटीत ७.५ टक्के. हॉटेलच्या खोलीवर ऑरेंज काउंटीत मिळून १२.५ टक्के कर लागतो, शिवाय पुष्कळ हॉटेलं रोजची 'रिसॉर्ट फी' लावतात. सुपरमार्केटमधल्या दूध-ब्रेड-तांदळाला मात्र कर नाही.

पार्किंगही आठवा. मोठ्या पार्कांत दिवसाला तीस डॉलरच्या आसपास जातात. डिस्नीत एकदा भरलं की त्याच दिवशी चारही पार्कांना चालतं, तेव्हा पावती फेकू नका. आणि मॅजिक किंगडमचं पार्किंग गेटापाशी नाही. गाडी लावून पुढे मोनोरेल किंवा बोट घ्यावी लागते. दरवाजा उघडायच्या वेळेला पोचायचं असेल तर पाऊण तास आधी धरा.

८. टिप: बक्षिसी समजलात तर चिडचिड होईल

आपल्याकडे बडीशेपच्या बशीत उरलेली चिल्लर सोडून उठायची रीत. खूश असलो तर दहाची नोट. ब्रिटनमध्येही बिलावर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावतात, पण तो ऐच्छिक असतो, नको म्हटलं तर काढतात. इथं वेटरला कायद्यानं ठरलेलं पूर्ण किमान वेतन मालकानंच द्यायचं असतं, टिप त्यात धरता येत नाही. ऑक्टोबर २०२४पासून तर मालकाला टिपमधला वाटा ठेवायलाही मनाई आहे.

अमेरिकेत गणितच उलटं आहे. केंद्राचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर. पण टिप मिळणाऱ्या माणसाला मालकानं २.१३ डॉलर दिले तरी चालतात, उरलेलं गिऱ्हाईक भरेल असं धरलेलं असतं. तो २.१३चा आकडा १९९१पासून हललेला नाही. फ्लोरिडाचा स्वतःचा कायदा बरा आहे. सप्टेंबर २०२५च्या अखेरीपासून तिथं किमान वेतन १४ डॉलर झालं आणि टिपवाल्यांना त्यापेक्षा ३.०२ डॉलर कमी, म्हणजे १०.९८ दिलं तरी चालतं. शिवाय वेटरला मिळालेली टिप बऱ्याच ठिकाणी ताटं उचलणाऱ्या पोऱ्यात आणि बारवाल्यात वाटली जाते.

बाबांचं म्हणणं, "मालकानं पगार द्यावा, मी का देऊ?" तत्त्वाला धरून शंभर टक्के बरोबर. पण ते तत्त्व त्या वेटरच्या डोक्यावर आपटून काही होत नाही. मी सोपं केलं: मेन्यूकार्डावरची किंमत वाचतानाच मनात पाव भाग वाढवायचा. जेवण ८४ डॉलरचं असेल, तर ६.५ टक्के कर ५.४६ आणि १८ टक्के टिप १५.१२. झाले १०४.५८. हीच त्या जेवणाची खरी किंमत. ती परवडत नसेल तर बर्गर काउंटरवरून घ्यायचा.

गंमत म्हणजे ही सवय अमेरिकेची नाहीच. श्रीमंत अमेरिकन लोकांनी ती युरोपातून आणली, तेव्हा अमेरिकेत तिचा मोठा तिरस्कार होता. १९०९मध्ये वॉशिंग्टन राज्यानं टिपवर बंदीच घातली होती, आणखी काही राज्यांनीही घातली. १९२६पर्यंत ते सगळे कायदे गेले आणि टिप राहिली.

९. बिल आल्यावर नेमकं काय करायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो, म्हणून सावकाश.

पहिलं, बिल वरून खालपर्यंत वाचा. 'ग्रॅच्युइटी' किंवा 'सर्व्हिस चार्ज' हा शब्द दिसला तर टिप दिलेली आहे. डिस्नीच्या रेस्टॉरंटांत सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के आपोआप लागतात. पर्यटकांच्या भागात काही ठिकाणी दोघांनाही लावतात. फ्लोरिडात अशी टिप लावत असतील तर मेन्यूवर आणि बिलावर तसं लिहावं लागतं, पण बारीक अक्षरांत. त्या ओळीखाली पुन्हा 'अ‍ॅडिशनल टिप' असा रिकामा रकाना असतो. मी त्यातच पडले.

दुसरं, वेटर तुमचं कार्ड घेऊन आत जातो. आपल्याला इथं मशीन टेबलावर आणायची सवय, त्यामुळे छातीत धस्स होतं. तिथली रीत तशीच आहे. आता टेबलावर मशीन येणाऱ्या जागाही वाढल्यात.

तिसरं, तो दोन चिठ्ठ्या घेऊन परत येतो. 'टिप'च्या ओळीत रक्कम लिहा, खाली बेरीज स्वतः करून लिहा, सही करा. 'मर्चंट कॉपी' टेबलावर सोडायची, 'कस्टमर कॉपी' आपल्याजवळ. नवऱ्यानं एकदा नेमकी उलटी केली. सही केलेली चिठ्ठी खिशात आणि कोरी टेबलावर, म्हणजे बिचाऱ्या पोरीला टिप मिळालीच नाही. रोख टिप ठेवणार असाल तर त्या ओळीवर आडवी रेघ मारा आणि खाली बिलाचीच रक्कम लिहा. ओळ कोरी सोडू नका.

किती? साधारण सेवेला १८, छान असेल तर २०. करावर टिप द्यायची गरज नाही, कर लागण्याआधीच्या रकमेवर मोजा. खाली छापलेले 'सुचवलेले' आकडे कधीकधी करासकट रकमेवर काढलेले असतात. ऑरलँडो शहरात एक सोपी युक्ती चालते: बिलावरच्या कराच्या आकड्याला तीननं गुणा, साडेएकोणीस टक्के होतात. सेवा खरंच वाईट असेल तर दहा टक्के ठेवा आणि मॅनेजरला कारण सांगा. काहीच न ठेवता उठलात तर तो विसरलात असं समजेल किंवा मागून येईल.

१०. बाकीच्यांना किती

- बफे: पेय आणून देणाऱ्या, ताटं उचलणाऱ्या माणसासाठी दहा टक्क्यांच्या आसपास.
- बार: एका पेयाला एक-दोन डॉलर.
- हॉटेलात बॅगा उचलणारा, विमानतळाच्या शटलचा ड्रायव्हर: बॅगेमागे एक-दोन डॉलर.
- खोली साफ करणाऱ्या बाई: रात्रीमागे दोन ते पाच डॉलर. रोज सकाळी ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण रोज तीच बाई येईल असं नाही. उशीजवळ 'थँक यू' लिहून ठेवा, नाहीतर तुमचे विसरलेले पैसे समजून त्या हात लावत नाहीत. आईनं ठेवलेले दोन डॉलर तीन दिवस तसेच पडून होते!
- गाडी लावून देणारा व्हॅले: गाडी परत आणून देतो तेव्हा दोन ते पाच.
- टॅक्सी: १५ ते २० टक्के.
- घरपोच पिझ्झा: तीन ते पाच डॉलर. बिलातली 'डिलिव्हरी फी' पोराला मिळते असं समजू नका.

आणि कुणाला नाही? कॉफी किंवा सँडविचच्या काउंटरवर टॅबलेट तुमच्याकडे वळवतात, त्यावर १८, २०, २५ असे मोठे चौकोन असतात आणि 'नो टिप' कोपऱ्यात बारीक. न लाजता ते दाबा. उभ्यानं घेऊन जायच्या गोष्टीला टिप बंधनकारक नाही. राइडवर बसवणाऱ्या, रस्ता दाखवणाऱ्या डिस्नीच्या कर्मचाऱ्यांना टिप घ्यायची परवानगीच नसते. पब्लिक्स या सुपरमार्केटमध्ये पोरगा सामान गाडीपर्यंत आणून देतो, तोही टिप घेत नाही, कंपनीचं धोरणच तसं आहे. बाबांना हे दुकान फार आवडलं.

११. नोटा, कार्ड, पेट्रोल

एक डॉलरच्या नोटा लागतात आणि इथल्या मनी एक्स्चेंजवाले वीस-पन्नासच्या देतात. पहिल्याच दिवशी सुपरमार्केटात वीसची मोडून घ्या. नोटा सगळ्या एकाच आकाराच्या आणि जवळजवळ एकाच रंगाच्या. आपल्याला इथं आकारावरून ओळखायची सवय, त्यामुळे अंधारात एकऐवजी वीसची जाते. एकच्या वेगळ्या खिशात ठेवा.

कार्ड परदेशी व्यवहाराचं शुल्क न लावणारं घ्या. मशीननं "पौंडात की डॉलरमध्ये?" विचारलं तर नेहमी डॉलर. पेट्रोल पंपाचं मशीन झिप कोड, म्हणजे अमेरिकेतल्या पत्त्याचा पोस्टाचा नंबर, मागतं आणि ब्रिटिश कार्ड तिथं अडतं. आत जाऊन काउंटरवर "चाळीस डॉलरचं, पंप नंबर सहा" असं सांगून आधी पैसे भरा. कमी भरलं तर उरलेले परत मिळतात.

१२. निघायच्या आदल्या रात्री

टेबलावर हे सगळं एकत्र दिसलं पाहिजे:

- पासपोर्ट, आणि एस्टाच्या मंजुरीची प्रत किंवा व्हिसा
- प्रवासविमा. तिथं एनएचएससारखी सरकारी आरोग्यसेवा नाही आणि ब्रिटनचं परदेशातल्या उपचारांचं जीएचआयसी कार्ड अमेरिकेत चालत नाही. आई-बाबांच्या आधीच्या आजारांसकट काढा.
- ड्रायव्हिंग लायसन्स आणि ड्रायव्हरच्याच नावावरचं क्रेडिट कार्ड
- तिकिटांचे नंबर कागदावर, अ‍ॅपमध्ये असले तरी
- फोनला चार्ज करायची बॅटरी. पार्कात सगळं फोनवर चालतं आणि दुपारी दोनला तो मरतो.
- पातळ रेनकोट. उन्हाळ्यात जवळजवळ रोज दुपारी गडगडाटी पाऊस येतो. जून ते नोव्हेंबर हा वादळांचाही काळ.

खाऊचं सांगायचं राहिलं. चिवडा, चकली, लाडू, थेपले बॅगेत चालतात, पण विमानतळावर विचारलं की खाद्यपदार्थ आहेत असं सांगायचं. ताजी फळं आणि मांसाचं काहीही नको. डिस्नीत आपलं खाणं आत नेता येतं, फक्त काचेच्या बाटल्या आणि दारू नाही. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात. आणि पाच-सहा दिवसांनी बर्गर बघवेनासा झाला, तर अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या 'सना'ला जा. तिथं नान आणि नऊ प्रकारच्या चटण्या-लोणच्यांसारख्या वाट्या येतात, बाहेर जिराफ चरत असतात. जागा साठ दिवस आधीपासून राखता येते. सहा जणं असाल तर बिल आल्यावर अठरा टक्क्यांची ओळ आधी शोधा.